कणसंघातयंत्राभोवतीचे प्रारण : एका गणनेचे स्थित्यंतर

कणसंघातयंत्रांभोवतीच्या प्रारणाची पूर्वगणना करण्याच्या विद्येचा इतिहास बहुधा गणकयंत्रांच्या वाढत्या सामर्थ्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. हे अर्धेच सत्य होय. गणकयंत्रे वाढली हे खरे. परंतु त्यांच्यापुढे ठेवलेला प्रश्न बदलला, ही त्याहून महत्त्वाची गोष्ट आहे.

या गणनेस आधारभूत असलेली माँटे कार्लो पद्धती स्टॅनिस्लाव्ह उलाम व जॉन फॉन नॉयमन यांनी १९४६-४७ च्या सुमारास लॉस अलामॉस येथे सिद्ध केली. प्रत्येक कणाची वाटचाल यदृच्छेवर सोपवावयाची आणि अशा असंख्य वाटचालींवरून निष्कर्ष काढावयाचा, हे तिचे सार. जिनिव्हाजवळील सर्न संस्थेत १९६२ ते १९६७ या काळात योहानेस रान्फ्ट यांनी ती उच्चशक्तीच्या कणांना लावली. वेगवान प्रोटॉन लोखंडात शिरला म्हणजे अणुगर्भावर आदळून नवे कण उत्पन्न करतो, तेही पुढे आदळतात, आणि कणांचा धबधबा सुरू होतो. याच कार्यातून वाढलेल्या आज्ञावलीस १९७० च्या सुमारास ‘फ्लुका’ हे नाव मिळाले. ‘चढउतार पावणारा धबधबा’ अशा अर्थाच्या दोन जर्मन शब्दांची आरंभीची अक्षरे जोडून ते बनले आहे. त्यातील विशेषण दुर्लक्षिण्याजोगे नाही : केवळ सरासरी नव्हे, तर एकेका घटनेतील विचलनही मोजावयाचे, हा हेतू नावातच नमूद आहे.

उपकरणांच्या बाबतीत मात्र ही दृष्टी उशिरा आली. भिंत किती जाड हवी, संवेदक किती वर्षे टिकेल, हे दोन्ही प्रश्न साचत जाणाऱ्या मात्रेचे. इलेक्ट्रॉनिक उपकरणास असे साचण्याची वाट पाहावी लागत नाही; एकच कण स्मृतिकोशातील शून्याचा एक करून जातो. कृत्रिम उपग्रहांच्या संदर्भात ही आपत्ती १९७५ मध्येच प्रसिद्ध झाली होती. तरीही भुयारांच्या बाबतीत तिचे गांभीर्य पटण्यास एक अपघात घडावा लागला. सर्नहून ७३२ किलोमीटरवरील इटलीतील ग्रान सासोकडे न्यूट्रिनो धाडणाऱ्या योजनेत २००७ साली वायुवीजनाचे नियंत्रण करणारी उपकरणे प्रारणामुळे बिघडली व प्रयोग थांबवावा लागला. ती योजना संघातयंत्राची नव्हती. पण शेजारीच २७ किलोमीटर परिघाचे लार्ज हॅड्रॉन कोलायडर पूर्ण होत आले होते, आणि त्याच्या भुयारालगतच्या दालनांतही तशाच जातीची बाजारी उपकरणे होती.

तेव्हा त्या दालनांची गणना नव्या प्रश्नाने पुन्हा झाली. मात्रेबरोबर दोन कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टांहून अधिक शक्तीच्या हॅड्रॉनांचा ओघ मोजला जाऊ लागला. मंद न्यूट्रॉनही हिशेबात आले. कारण उपकरणांतील बोरॉन ते गिळतो, आणि त्यातून निघणारे कण तोच घात करतात. गणिताने दिलेले आकडे जागोजागी बसविलेल्या मापकांशी ताडून पाहिले गेले. जेथे ओघ अधिक दिसला तेथे आडभिंती उभारल्या गेल्या, आणि २०१३-१४ च्या दीर्घ विरामात पुष्कळशी उपकरणे सुरक्षित दालनांत हलविली गेली.