चमकणारे कवक (भीमाशंकर)

पावसाळ्यात कुजक्या लाकडावर व पालापाचोळ्यावर वाढणारे आणि अंधारात मंद प्रकाश देणारे कवक. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव व खेड तालुक्यांत आणि लगतच्या ठाणे व रायगड जिल्ह्यांत पसरलेल्या भीमाशंकर अभयारण्यात (स्थापना १९८५, क्षेत्रफळ सु. १३१ चौ. किमी.) आढळते. बहुधा मायसीना प्रजातीतील. प्रकाश देणाऱ्या कवकांच्या शंभराहून अधिक जाती ज्ञात असून बहुसंख्य याच प्रजातीतील आहेत.

पेशी : कवक ही वनस्पती नव्हे. त्याच्या पेशीत वनस्पतीप्रमाणेच केंद्रक व तंतुकणिका असतात, पण हरितलवक नसते; म्हणून त्याला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. पेशीभित्तिका सेल्युलोजची नसून मुख्यतः कायटिनची असते. कीटकांच्या कवचातही हेच द्रव्य आढळते. पेशी एकापुढे एक जोडल्या जाऊन कवकतंतू बनतो. पेशींमधील आडभिंतींना बारीक छिद्रे असल्याने पेशीद्रव एका पेशीतून दुसरीत वाहू शकतो. असंख्य तंतूंचे जाळे म्हणजे कवकजाल. लाकडात शिरलेले हे जाळेच खरे कवक होय. वर दिसणारी अळंबी हा केवळ बीजाणू तयार करणारा अल्पजीवी भाग. कवक विकरे बाहेर सोडते, लाकूड बाहेरच पचवते आणि विरघळलेले अन्न शोषून घेते. लाकडाला कठीणपणा देणारे लिग्निन पूर्णपणे फोडणे प्रामुख्याने कवकांनाच साधते.

प्रकाश : पेशीतील कॅफेइक आम्लापासून टप्प्याटप्प्याने ल्युसिफेरिन बनते. ल्युसिफेरेज या विकराच्या साहाय्याने त्याचा ऑक्सिजनशी संयोग झाला की हिरवा प्रकाश बाहेर पडतो. उष्णता जवळजवळ निर्माण होत नाही. चमकणारे लाकूड निर्वात पात्रात ठेवल्यास ते विझते आणि हवा आत सोडताच पुन्हा उजळते, हे रॉबर्ट बॉइल यांनी सतराव्या शतकातच दाखवले होते. या प्रक्रियेची जनुके २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि २०२० मध्ये ती तंबाखूच्या रोपांत घालून स्वयंप्रकाशी रोपे तयार करण्यात आली. अंधुक उजेडात डोळ्याला रंग नीट कळत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात प्रकाश फिकट पांढुरका भासतो. छायाचित्रात तो गडद हिरवा उमटतो. प्रकाशाचा कवकाला उपयोग काय, याविषयी मतभेद आहेत. बीजाणू वाहून नेणारे कीटक त्याने आकर्षित होतात, असे ब्राझीलमधील २०१५ च्या प्रयोगातून सुचवले गेले. ऑस्ट्रेलियातील एका जातीबाबत मात्र तसे आढळले नाही.

परिसंस्था : अंजन, जांभूळ, पिसा, हिरडा हे येथील उत्पादक. फळे व पाने खाणारे शेकरू प्राथमिक भक्षक, तर बिबट्या वरच्या पातळीवरचा. मुसळधार पावसाने जमिनीतील क्षार वाहून जातात. त्यामुळे पोषकद्रव्यांचा मोठा साठा झाडांत व पाचोळ्यात असतो आणि तो मोकळा करून मुळांपर्यंत पोहोचवण्याचे काम कवकासारखे विघटक करतात. वठलेले झाड हटवले की या साखळीचा दुवाच नाहीसा होतो. आंबेगावातील आहुपे येथे देवराई आहे. अनेक देवरायांत पडलेले लाकूडही उचलायचे नाही असा रिवाज असल्याने विघटकांचा आसरा टिकून राहिला. सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात केला.

विषारीपणा : ऑम्फॅलोटस प्रजातीतील काही प्रकाशमान जाती विषारी असतात; म्हणून चमकणारी अळंबी खाऊ नये.

संरक्षण : अभयारण्यातील प्रवेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार नियंत्रित आहे.