२२७ आणि २५० : श्रीलंकेतल्या इंजिनीअरिंगच्या जागांची गोष्ट

आजचा भाग दोन आकड्यांचा आहे.

१९७१ साल. श्रीलंकेचं नाव तेव्हा सिलोन होतं. पेरादेनियाला इंजिनीअरिंगच्या प्रवेशासाठी सिंहली माध्यमाच्या मुलांना ४०० पैकी २२७ मार्क पुरत होते. तमिळ माध्यमाच्या मुलांना मात्र २५० लागायचे. फरक २३ मार्कांचा! प्रवेश परीक्षा दिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

असं का झालं? जरा मागे जाऊ. १८१६ मध्ये अमेरिकन मिशनरी जाफन्यात गेले. त्यांच्याच संस्थेचे लोक १८१३ पासून आपल्या मुंबईत होते. जाफन्यात शाळा निघाल्या. तिथली जमीन कोरडी, त्यामुळे घराघरांत एकच ध्यास : शिका आणि सरकारी नोकरी धरा. १९७० च्या आसपास श्रीलंकन तमिळ लोकसंख्येच्या सुमारे ११ टक्के होते, पण इंजिनीअरिंगच्या जवळपास निम्म्या जागांवर तमिळ मुलं होती.

आता दुसरी बाजू बघा. खेड्यातल्या सिंहली मुलाच्या शाळेत धड प्रयोगशाळाही नव्हती. त्याची तक्रार खोटी नव्हती. १९४५ पासून शिक्षण मोफत झालं, मुलं शिकली, पण अर्थव्यवस्था राहिली चहा, रबर आणि नारळावर. नोकऱ्या आणणार कुठून? त्याच १९७१ च्या एप्रिलमध्ये शिकलेल्या बेकार सिंहली तरुणांनी सरकारविरुद्ध सशस्त्र उठाव केला. नोकऱ्या वाढवणं अवघड होतं, जागांची वाटणी बदलणं सोपं.

मी स्वतः होम युनिव्हर्सिटीच्या कोट्यातून बीटेकला लागलो, त्यामुळे कोटा वाईट असं मी म्हणणार नाही. १९७४ मध्ये तिथेही जिल्हावार कोटा आला आणि मागास भागातल्या तमिळ मुलांनाही त्याचा फायदा झाला. पण 'तुझी शाळा मागे आहे' या आधारावर सवलत देणं वेगळं, आणि 'तुझी भाषा ही, म्हणून तुला जास्त मार्क हवेत' असं म्हणणं वेगळं. १९५६ मध्ये फक्त सिंहलीला राजभाषा केल्यामुळे सरकारी नोकरीची वाट आधीच अरुंद झाली होती. आता कॉलेजचीही झाली.

युद्धाचं हे एकमेव कारण नव्हे, पण चिडलेली तरुण पिढी इथूनच मिळाली. १९७६ मध्ये एलटीटीई स्थापन झाली. १९८१ मध्ये जाफन्याचं ग्रंथालय जाळलं गेलं, सुमारे ९७,००० पुस्तकांसकट. १९८३ च्या दंगलींनंतर २००९ पर्यंत युद्ध. शिकलेले तमिळ लंडन, टोरंटोला निघून गेले. २००१ मध्ये कोलंबोजवळच्या विमानतळावर हल्ला झाला आणि त्या वर्षी अर्थव्यवस्था चक्क आकसली.

शिक्षण वाढलं की विकास होतो, हे आपण सहज बोलून जातो. पण शिकलेल्यांसाठी कामच वाढलं नाही, तर त्याच डिग्रीसाठी शेजारी शेजाऱ्याचा वैरी होतो. श्रीलंकेत मुलं हुशार होती, शाळाही होत्या. कमी पडल्या त्या संधी. आणि त्या कुणाला द्यायच्या, हे भाषा बघून ठरलं.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!