अजिंठ्याच्या नकला आणि विद्यार्थ्यांचे हात

राजोडीजवळच्या सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. शिलालेखाची बिनचूक नक्कल घेणाऱ्याला आपण संशोधक म्हणतो. त्याच काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी अजिंठ्याची भित्तिचित्रे तैलरंगांत उतरवून घेत होते. त्यांचे काम मात्र आपण हाताचा सराव समजतो.

या कामाला कारण ठरली एक आग. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अजिंठ्यात राहून केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. पुढे १८७२ मध्ये जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत गेले. अधूनमधून खंड पडत हे काम १८८५ पर्यंत चालले आणि सुमारे ३०० कॅनव्हास तयार झाले. पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत, नारायण एकोबा हे त्यांतले काही हात.

काम सोपे नव्हते. हे विद्यार्थी ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टर प्रतिकृतींवरून छायाप्रकाश शिकलेले. अजिंठ्याच्या चित्रकाराने मात्र कोरड्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेले रंग लावले होते आणि देहाची गोलाई मुख्यतः रेषेतून काढली होती. तैलरंग चकाकतो, एकमेकांत मिसळतो. त्यामुळे पद्मपाणीची भुवई उतरवताना रेष राखायची की छाया भरायची, हे प्रत्येकाला ठरवावे लागे. म्हणजे नक्कल हे एक वाचनच होते.

त्याची किंमत भिंतीनेही मोजली. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांच्यावर लावलेले व्हार्निश पुढे पिवळे पडले. नकलांपैकी अनेक १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. उरलेल्या आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ग्रिफिथ्स यांचा द्विखंडात्मक ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला आणि सारे श्रम त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

पेस्तनजींनी पुढे पारशी घरांतली माणसे रंगवून स्वतःचे नाव मिळवले. इतरांना तेवढी ओळख लाभली नाही. पण भिंतीवरचा रंग जिथे नंतर झडला, तिथे मूळ चित्र कसे होते हे सांगायला याच विद्यार्थ्यांची नक्कल उरते. सोपाऱ्याच्या लेखाचा ठसा आपण पुरावा मानतो. मग या कॅनव्हासांनाही पुरावाच मानले पाहिजे, आणि तो ज्यांनी तयार केला त्यांची नावे त्यासोबत लिहिली पाहिजेत.