औषधाधारित बाह्यरुग्ण व्यसनोपचार (दक्षिण मुंबईच्या संदर्भात)

दारू, अफूजन्य पदार्थ किंवा तंबाखू यांच्या व्यसनावर रुग्णालयात दाखल न होता, घरी राहून आणि कामधंदा चालू ठेवून घेतला जाणारा दीर्घ मुदतीचा उपचार. औषध आणि समुपदेशन हे त्याचे दोन भाग. मराठी माणसाच्या मनातले व्यसनमुक्तीचे चित्र मात्र वेगळे आहे. एक तर माणूस पंढरीची माळ घालतो, देवीची शपथ घेतो. नाही तर महिनाभर केंद्रात दाखल होतो. दुसरे चित्र ठसवण्यात मोठा वाटा पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा. डॉ. सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांनी 1986 मध्ये ते उभे केले आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला आर्थिक बळ दिले. अवचटांच्या ‘गर्द’ या पुस्तकाने ब्राऊन शुगरचे नाव मराठी घरांत पोहोचवले. रोज दवाखान्याच्या खिडकीवर जाऊन औषधाची गोळी घेणे आणि लगेच कामाला लागणे हा तिसरा मार्ग त्या मानाने अनोळखी राहिला आहे. ‘एक नशा सोडवून दुसरी लावतात’ हा त्याच्यावरचा नेहमीचा आक्षेप.

आक्षेप समजण्याजोगा असला तरी औषधाचे काम पाहिल्यावर तो फारसा टिकत नाही. गर्द म्हणजे अशुद्ध हेरॉइन. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून मुंबईत ते पन्नीवर (चंदेरी कागदावर) तापवून धुरातून ओढले जाऊ लागले. त्याचा अंमल काही तासांत उतरतो आणि मग वापरणारे ज्याला ‘टर्की’ म्हणतात ती अवस्था येते : हाडे ठणकतात, नाक-डोळे वाहतात, जुलाब लागतात, झोप उडते. बरेच जण पुढची पुडी मजेसाठी नव्हे, टर्की टाळण्यासाठी घेतात. ब्युप्रेनॉर्फिन हे औषध मेंदूत हेरॉइन ज्या ग्राहींना (रिसेप्टरना) चिकटते त्यांनाच घट्ट चिकटते, पण त्यांना अर्धवटच चेतवते. एका मर्यादेपलीकडे मात्रा वाढवली तरी परिणाम त्या प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे श्वास मंदावून मृत्यू येण्याचा धोका हेरॉइनच्या तुलनेत बराच कमी असतो. गोळी जिभेखाली विरघळवायची. गिळली तर तिचा फारसा उपयोग होत नाही. पहिली मात्रा देताना रुग्णाला टर्कीची लक्षणे सुरू झालेली असावी लागतात. अंगात हेरॉइन असताना गोळी घेतली, तर ती हेरॉइनला ग्राहींवरून हुसकावते आणि टर्की एकदम उसळते. पहिल्याच दिवशी हा अनुभव आलेला रुग्ण परत येईल याची खात्री नसते, म्हणून या टप्प्यावर डॉक्टरची कसोटी लागते.

मेथाडोन हे या वर्गातले जुने औषध. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वान्डर यांनी 1960 च्या दशकाच्या मध्यास त्यावर आधारलेला दीर्घकालीन उपचार मांडला. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फिन ही दोन्ही औषधे या उपचारासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. उपचार चालू असेपर्यंत मृत्यूचे प्रमाण लक्षणीय घटते, असे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. उलट, औषध एकाएकी बंद झाल्यावरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे. शरीराची सवय मोडलेली असते आणि जुन्या मापाने घेतलेली पुडी जिवावर बेतते. केंद्रातून ‘स्वच्छ’ होऊन घरी आलेल्या माणसालाही हाच धोका असतो. घरच्यांना तो सांगितला जातोच असे नाही.

भारतात हा उपचार मोठ्या प्रमाणावर आला तो एड्सच्या वाटेने. 2007 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात त्याचा समावेश झाला. त्याआधीपासून काही स्वयंसेवी संस्था ब्युप्रेनॉर्फिन देत होत्या. मुंबईत रस्त्यावरच्या व्यसनींमध्ये काम करणारी प्रमुख संस्था म्हणजे एल्ड्रेड टेलिस यांनी 1995 मध्ये स्थापन केलेली संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट. एड्स कार्यक्रमाचा हेतू एचआयव्ही रोखणे हा असल्याने ही सेवा मुख्यतः सुईने टोचून घेणाऱ्यांसाठी आखली गेली. पन्नीवर ओढणाऱ्याला जे. जे., नायर, के. ई. एम. यांसारख्या सरकारी व पालिका रुग्णालयांच्या मानसोपचार विभागाचे दार ठोठावावे लागते. आजार एकच असताना सुई आणि पन्नी यांवरून दारे वेगळी व्हावीत, हे कार्यक्रमाच्या निधीचे गणित आहे. त्यात वैद्यकशास्त्र शोधू नये.

कायद्याची चौकट 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याची. ब्युप्रेनॉर्फिन स्वतःच त्या कायद्याखाली नियंत्रित आहे, त्यामुळे ते देण्यावर कडक बंधने आहेत. याच कायद्याचे कलम 64-अ अल्प प्रमाणातील गुन्ह्यात अडकलेल्या आणि स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण देते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते.

दारूच्या बाबतीत औषधांचे काम निराळे. डायसल्फिराम हे औषध दारू पचू देत नाही; त्याचा हा गुण 1940 च्या दशकाच्या अखेरीस डेन्मार्कमध्ये लक्षात आला. दारू पचताना तयार होणाऱ्या ॲसिटाल्डिहाइडचे पुढचे विघटन ते अडवते. मग थोडी दारू घेतली तरी चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. रुग्णाच्या नकळत भाजी-आमटीत ही गोळी मिसळण्याचा प्रकार घरोघरी ऐकू येतो. तो प्रेमापोटी होत असला तरी जीवघेणा ठरू शकतो, कारण रक्तदाब कोसळतो. नाल्ट्रेक्झोन आणि ॲकॅम्प्रोसेट यांची भीती दाखवावी लागत नाही. पहिले पिण्यातली गोडी कमी करते, दुसरे सोडल्यानंतरची तगमग. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र एकदम थांबू नये : झटके येऊ शकतात, वात होऊन भ्रम होऊ शकतो, आणि अशा वेळी दाखल होणेच योग्य. 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार 10 ते 75 वयोगटातील 14.6 टक्के भारतीय दारू पितात. दारूवर अवलंबून असलेल्या साधारण 38 जणांपैकी एकालाच कोणता ना कोणता उपचार मिळाल्याचे त्यात आढळले. 2015 मध्ये बंदीच्या यादीत आलेल्या मेफेड्रोनवर, म्हणजे मुंबईच्या ‘एमडी’वर, ब्युप्रेनॉर्फिनसारखे बदली औषध अजून नाही.

कफ परेडचे मच्छीमार नगर या नोंदीत येते ते व्यसनाचा अड्डा म्हणून नव्हे. तसे म्हणणे वस्तीवर अन्याय ठरेल. कॅप्टन प्रकाश पेठे मार्गाच्या कडेला, उंच इमारतींच्या पायथ्याशी असलेली ही कोळ्यांची वस्ती 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरील हल्ल्यातल्या हल्लेखोरांच्या उतरण्याच्या जागेमुळे जगाला ठाऊक झाली. बाह्यरुग्ण उपचाराची खरी परीक्षा अशा वस्तीत दिसते. हा उपचार नोकरदाराचे घड्याळ गृहीत धरतो : रोज ठरावीक वेळी यायचे, नर्ससमोर गोळी विरघळवायची, जायचे. कोळ्याचे घड्याळ भरती-ओहोटीचे. लहान होडी त्याच दिवशी परतते, पण मोठ्या बोटी बर्फ आणि डिझेल भरून कित्येक दिवस समुद्रात असतात. तांडेल (बोटीचा प्रमुख) काही एका खलाशाच्या गोळीसाठी बोट किनाऱ्याला आणत नाही. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात, होड्या वर ओढलेल्या असताना, रोज खिडकीवर जाणे जमते. नारळी पौर्णिमेच्या आसपास समुद्र पुन्हा खुला झाला की हजेरी आणि मजुरी यांत एक निवडावे लागते.

वैद्यकात यावर तोड नाही असे नाही. ब्युप्रेनॉर्फिनचा अंमल लांब असल्याने स्थिरावलेल्या रुग्णाला वाढीव मात्रेत एक दिवसाआड गोळी देता येते. महिनाभर पुरणारे इंजेक्शन अमेरिकेत 2017 मध्ये मान्य झाले. 2020 च्या टाळेबंदीत आपल्याकडेही काही दिवसांच्या गोळ्या घरी देण्याची मुभा मिळाली. घरी दिलेल्या गोळ्या विकल्या जातील, विरघळवून टोचल्या जातील ही भीती खोटी नाही. म्हणूनच नॅलॉक्सोन मिसळलेली गोळी वापरतात, जी टोचली तर टर्की आणते. अंतराची अडचण मात्र कमी झाली आहे. ऑक्टोबर 2025 पासून कफ परेडहून भुयारी मेट्रोने मुंबई सेंट्रलला जाता येते, आणि नायर रुग्णालय तिथून जवळ आहे. किती दिवसांच्या गोळ्या हाती द्यायच्या, हे अजूनही खिडकीच्या आतल्या बाजूला ठरते.