जिन युंग आणि चिनी वीरकथा

वर्तमानपत्रांतून दररोज तुकड्यातुकड्यानें प्रसिद्ध होणाऱ्या कादंबरीविषयीं सुशिक्षित वाचकाच्या मनांत एक प्रकारची तुच्छताबुद्धि असते. जें सकाळीं छापलें जातें आणि दुसऱ्या दिवशीं ज्यांत वाणी पुडी बांधतो, त्यांत वाङ्मय तें काय असणार, असें आपण सहज म्हणून जातों. त्यांतून ती कादंबरी तरवारबहाद्दरांची, गुप्त विद्यांची आणि अचाट डावपेंचांची असली म्हणजे तर विचारावयासच नको. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत चिनी वाचकवर्गानें ज्या लेखकांना डोक्यावर घेतलें, त्यांत ज्याचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें, त्यानें आपल्या जवळजवळ सर्व कथा याच रीतीनें लिहिल्या. त्याचें टोपणनांव जिन युंग. १९५५ पासून १९७२ पर्यंतच्या सतरा वर्षांत त्यानें लहानमोठ्या पंधरा कथा लिहिल्या आणि मग लेखणी खालीं ठेविली. त्या कथांचें सार सांगण्याचा येथें हेतु नाहीं. ‘आपला कोण आणि परका कोण’ या एका प्रश्नाचें उत्तर त्याच्या मनांत कसकसें बदलत गेलें, एवढेंच पाहावयाचें आहे; कारण तो प्रश्न त्यानें केवळ कल्पनेनें घेतला नव्हता, तो त्याच्या घरांतच वास करीत होता.

जिन युंगचें खरें नांव झा ल्यांगयुंग. या नांवांतील शेवटचें चिनी अक्षर मधोमध दुभंगलें असतां दोन अक्षरें होतात, तींच ‘जिन’ आणि ‘युंग’. त्याचा जन्म १९२४ सालीं झेज्यांग प्रांतांतील हायनिंग येथें झाला. झा घराणें पिढीजाद विद्वानांचें. पण विद्वत्तेबरोबर येणारें संकटही त्यानें भोगलें होतें. १७२६ सालीं, युंगचेंग बादशहाच्या कारकीर्दींत, या घराण्यांतील झा सीतिंग नांवाच्या अधिकाऱ्यावर राजद्रोहाचा आरोप आला. त्यानें परीक्षेस घातलेल्या एका वचनांतील दोन अक्षरें म्हणजे बादशहाच्याच नांवाचीं अक्षरें शिर उडविलेल्या स्वरूपांत लिहिलेलीं आहेत, असा तर्क शत्रूंनीं लढविला, अशी आख्यायिका आहे. सीतिंग तुरुंगांत मेला, तरी शिक्षेनें त्याच्या प्रेतासही सोडलें नाहीं. त्याचा भाऊ झा शेनशिंग हा नामांकित कवि. त्यालाही वृद्धापकाळीं बंदिवास घडला.

जिन युंगचा आजा दान्यांग येथें अंमलदार होता. १८९१ सालीं तेथील जमावानें ख्रिस्ती मंदिर जाळलें. पुढाऱ्यांचीं डोकीं उडवून परकीयांचें समाधान करावें, असा वरिष्ठांचा आग्रह पडला. आजोबांनीं त्या माणसांना पळून जाण्याची सूचना दिली, सर्व दोष आपल्या माथीं घेतला आणि नोकरी सोडली. ही हकीकत नातवानें पुढें मोठ्या अभिमानानें लिहून ठेविली आहे. मातुल कुलाकडून त्याचें नातें श्यू चिमो या नवकवीशीं लागत होतें. १९२४ सालीं रवींद्रनाथ ठाकूर चीनमध्यें गेले, तेव्हां त्यांच्या व्याख्यानांचा दुभाषा झालेला तरुण तो हाच.

अशा घरांत जन्मलेल्या मुलाचें शिक्षण जपानी स्वारीच्या धामधुमींत गांवोगांव हिंडत झालें. १९४७ सालीं तो शांघायच्या एका मोठ्या दैनिकांत भाषांतरकार म्हणून लागला आणि १९४८ सालीं त्या दैनिकानें त्याला आपल्या हाँगकाँगच्या आवृत्तीवर पाठविलें. पुढच्याच वर्षीं चीनमध्यें राज्यक्रांति पुरी झाली. १९५१ सालीं हायनिंगमध्यें त्याच्या पित्याला जमीनदार आणि क्रांतिशत्रु ठरवून देहांत शासन देण्यांत आलें. मुलगा त्या वेळीं ब्रिटिशांच्या ताब्यांतील हाँगकाँगांत, डाव्या मताच्याच पत्रांत, नोकरी करीत होता.

वीरकथेचा धंदा त्याच्याकडे योगायोगानें चालून आला. १९५४ च्या जानेवारींत मकाव येथें ताईची आणि श्वेतबक या दोन युद्धकलापंथांच्या आचार्यांचा जाहीर सामना झाला. तो दुसऱ्याच फेरींत आटोपला आणि कोणीच जिंकलें नाहीं. पण सारें हाँगकाँग त्याच्याच गोष्टी बोलूं लागलें. एका सायंदैनिकाच्या संपादकानें ही संधि साधली आणि कांहीं दिवसांतच आपल्या कचेरींतील ल्यांग यूशेंग याच्याकडून वीरकथेचें सदर सुरूं करविलें. तें इतकें लोकप्रिय झालें कीं पुढच्या वर्षीं, फेब्रुवारी १९५५ मध्यें, त्याचा सहकारी जिन युंग यालाही लेखणी हातीं घ्यावी लागली.

वीरकथा हा प्रकार चीनमध्यें नवा नव्हता. इसवी सनापूर्वीं होऊन गेलेल्या स्समा च्येन या इतिहासकारानें आपल्या महाग्रंथांत राजे आणि सेनापति यांच्याबरोबर, दिल्या शब्दासाठीं प्राण वेंचणाऱ्या भटक्या वीरांनाही एक प्रकरण दिलें आहे. कायदा जेथें पोंचत नाहीं तेथें पोंचणारा, सरकारचा चाकर नव्हे आणि दरोडेखोरही नव्हे, असा हा पुरुष. या जुन्या रोपट्यावर जिन युंगनें ड्यूमाचें कलम केलें. ड्यूमाचें ऋण तो मोकळेपणानें मान्य करी. खऱ्या इतिहासाच्या चौकटींत कल्पित माणसें बसवावीं आणि त्यांच्या प्रेमवैरांतून राज्यांचीं भवितव्यें हलतांना दाखवावीं, ही त्याची पद्धत होय.

पहिल्या कथेचा विषय त्यानें आपल्या गांवचाच घेतला. च्येनलुंग बादशहा हा मांचू नसून हायनिंगच्या चेन घराण्यांतील चिनी मूल होता, जन्मतांच त्याची अदलाबदल झाली, अशी एक दंतकथा त्या भागांत प्रचलित आहे. इतिहाससंशोधकांनीं ती खोटी ठरविली आहे. पण कादंबरीकाराला ती सोन्याची खाण होती. मांचूंना हांकून देऊं पाहणाऱ्या गुप्त मंडळाचा तरुण नायक हा बादशहाचा सख्खा भाऊ निघतो आणि रक्ताच्या हांकेनें सिंहासन पालटेल अशी वेडी आशा धरतो. म्हणजे १९५५ सालीं जिन युंगचें उत्तर सरळ होतें: चिनी तो आपला, मांचू तो परका. मात्र त्या कथेंतही बादशहा शेवटीं भावास फसवितो. रक्त हाक देतें, पण सत्ता ती ऐकत नाहीं, ही शंका पहिल्याच ग्रंथांत उभी राहिली.

१९५७ सालीं सुरूं झालेल्या गरुडवेधी वीरांच्या कथेनें त्याला घरोघर पोंचविलें. तिचा नायक क्वो जिंग हा मंदबुद्धि, पण सत्यनिष्ठ मुलगा; जन्मानें चिनी, वाढलेला मात्र चंगीजखानाच्या छावणींत. ज्या मोंगलांनीं त्याला अन्न दिलें त्यांच्याचविरुद्ध त्याला पुढें श्यांगयांग नगर लढवावें लागतें. या मालिकेच्या दुसऱ्या कथेंत मोंगके खान श्यांगयांगच्या तटाखालीं एका चिनी वीराच्या हातून मरतो. इतिहासांत तो १२५९ सालीं, दूर सेचुआन प्रांतांतील एका गडाच्या वेढ्याच्या वेळीं मेला. आणि श्यांगयांगही १२७३ सालीं मोंगलांच्या हातीं पडलेंच. लेखकाला हें ठाऊक होतें. ज्या वाचकांचें गांव, घर आणि वाडवडिलांचीं थडगीं सरहद्दीपलीकडे राहिलीं होतीं, त्यांना त्यानें एक दिवसाचा विजय दिला.

१९५९ च्या मे महिन्यांत त्यानें एका शाळासोबत्याच्या भागीदारींत ‘मिंग पाव’ हें स्वतःचें दैनिक काढलें. आरंभीं तें या कथांवरच जगलें. एका हातानें अग्रलेख आणि दुसऱ्या हातानें कादंबरी, असा त्याचा नित्यक्रम चालला. चीनचा परराष्ट्रमंत्री १९६३ सालीं म्हणाला कीं, अंगावर विजार नसली तरी आम्ही अणुबाँब करूं. तेव्हां लोकांना अणुबाँबपेक्षां विजारीची गरज अधिक आहे, असें या पत्रानें ठणकावून सांगितलें. पूर्वीच्या सहकाऱ्यांनीं त्याला देशद्रोही ठरविलें.

याच सुमारास, १९६३ ते १९६६ या काळांत, त्याची सर्वांत गंभीर कथा चालूं होती. तिचें नांव बौद्ध ग्रंथांतून घेतलेलें आहे: देव, नाग, यक्ष, गंधर्व, असुर, गरुड, किन्नर आणि महोरग हे आठ गण. या नांवांची ओळख मराठी वाचकास करून द्यावयास नको. मनुष्य नसूनही मनुष्याप्रमाणेंच तृष्णेनें आणि दुःखानें बांधलेले हे जीव. कथेंतील माणसें त्यांचींच रूपें आहेत, असा लेखकाचा अभिप्राय. तिच्यांतील श्याव फेंग हा चिनी वीरांच्या एका मोठ्या संप्रदायाचा मुख्य. आपण जन्मानें खितान, म्हणजे शत्रूच्या वंशाचे, आहों हें त्याला भर तारुण्यांत कळतें. कालपर्यंत ज्यांनीं पाय धरले तेच त्याच्या रक्तास टपतात. तो खितानांकडे जातो, तर त्यांचा राजा त्यालाच चीनवर चालून जाण्याची आज्ञा करतो. अखेर यानमेन घाटांत तो त्या राजाला हयातभर सरहद्द न ओलांडण्याची शपथ घ्यावयास लावतो आणि, राजद्रोह घडला म्हणून, तेथेंच आपला प्राण देतो. दोन्ही बाजूंचीं सहस्रावधि माणसें वांचतात. त्यांना वांचविणारा मात्र कोणाचाच राहत नाहीं. आपपरभावाचें पहिलें उत्तर येथें पुरतें ढांसळलें.

अशी कथासुद्धां वर्तमानपत्राच्या जात्यांतून सुटली नाहीं. १९६५ सालीं लेखक परदेशीं गेला असतां त्याचा मित्र नी क्वांग यानें कांहीं भाग लिहून सदर चालूं ठेविलें आणि स्वतःला न आवडणाऱ्या एका पात्राचे डोळेच फोडून टाकले! परत आल्यावर जिन युंगला त्या अंधत्वाची व्यवस्था लावावी लागली. परंतु १९७० पासून दहा वर्षें खपून त्यानें आपल्या सर्व कथा शोधून, कापून, पुन्हां लिहिल्या, ही गोष्ट त्याला पुडीच्या कागदाचा लेखक म्हणणाऱ्यांनीं लक्षांत घ्यावी.

१९६७ सालीं चीनमधील सांस्कृतिक क्रांतीची झळ हाँगकाँगास लागली. डाव्यांच्या दंगलींवर टीका करणारा एक नभोवाणीभाष्यकार जिवंत जाळला गेला, आणि मारावयाच्या माणसांच्या यादींत जिन युंगचेंही नांव असल्यामुळें त्याला कांहीं काळ बाहेर राहावें लागलें. त्या वर्षीं सुरूं झालेल्या कथेंत पंथप्रमुखाच्या नांवानें जयघोष करणारे अनुयायी आहेत, आणि ‘सज्जन’ म्हणून गाजलेला एक पाताळयंत्री गुरुही आहे. तत्कालीन राजकारणावर ती लिहिली नाहीं, सर्वकालीन राजकारणी माणसें रंगविलीं, असें तो म्हणे. तिचा प्रसार एवढा झाला कीं दक्षिण व्हिएतनामच्या विधिमंडळांत सभासद एकमेकांस त्या गुरूच्या नांवानें हिणवीत.

शेवटची कथा १९६९ ते १९७२ मधील, मृग आणि कढई यांची. मृग म्हणजे ज्याची शिकार करावयाची तें राज्य, कढई म्हणजे राजसत्तेचें चिन्ह. तिच्या प्रकरणांचीं शीर्षकें त्यानें आपला पूर्वज झा शेनशिंग याच्या कवितांतून निवडलीं, आणि आरंभही एका ग्रंथावरील राजद्रोहाच्या खटल्यानेंच केला. एवढी तयारी पाहून वाचकाला सूडाची कथा अपेक्षित असते. प्रत्यक्षांत नायक वेइ श्यावबाव हा वेश्यागृहांत वाढलेला, निरक्षर, युद्धकलेंत शून्य, पण तोंडाळ आणि मित्रांस जागणारा पोर. तो मांचू बादशहा कांगशी याचा जिवलग आहे, आणि त्याच बादशहाचा उच्छेद करूं पाहणाऱ्या गुप्त मंडळाचाही अधिकारी आहे. दोघांपैकीं कोणालाच तो दगा देऊं शकत नाहीं, म्हणून अखेर दोघांनाही सोडून पळतो. जातांना आईला बापाचें नांव विचारतो, तों तिलाच तें ठाऊक नसतें. तिच्याकडे चिनी, मांचू, मोंगल, मुसलमान, तिबेटी सारेच येत. ज्या कांगशीच्या पुत्रानें झा कुलाचा सत्यानाश केला, त्या कांगशीला या कथेंत प्रजेचें हित पाहणारा राजा म्हणून रंगविलें आहे. सतरा वर्षांपूर्वीं रक्तांत शोधलेलें उत्तर लेखकानें येथें हंसत हंसत फेंकून दिलें.

लेखणी ठेविल्यावर आयुष्यानें त्याची परीक्षा पाहिली. १९७६ सालीं त्याच्या थोरल्या मुलानें अमेरिकेंत आत्महत्या केली. पुढच्या वर्षीं एका जुन्या कथेच्या उपसंहारांत त्यानें लिहिलें कीं, पुत्रवियोगाचें दुःख आपण त्या कथेंत फार उथळ रंगविलें, कारण तेव्हां आपणांस तें कळत नव्हतें. त्यानंतर तो पालि त्रिपिटकाच्या इंग्रजी भाषांतरांकडे वळला.

दुसरी परीक्षा राजकारणाची. तैवान आणि चीन या दोन्ही सरकारांनीं त्याचे ग्रंथ वर्षानुवर्षें बंद ठेविले होते. १९८१ सालीं डेंग श्यावपिंग यानें त्याला बीजिंगमध्यें सन्मानानें भेट दिली. १९८५ सालीं पित्यावरील आरोपही चुकीचे ठरविण्यांत आले. पित्याचा शोक आपण केला, पण मारणाऱ्यांचा द्वेष धरला नाहीं, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. हाँगकाँगच्या भावी घटनेच्या समितींत तो बसला. १९८८ सालीं तेथें त्यानें पुढें केलेली योजना लोकशाहीस फार सावकाश नेणारी होती, म्हणून विद्यार्थ्यांनीं ‘मिंग पाव’चे अंक जाळले. १९८९ च्या मे महिन्यांत बीजिंगमध्यें लष्करी कायदा पुकारला जातांच त्यानें समितीचा राजीनामा दिला.

श्याव फेंगचा निर्माता सत्तेपुढें वांकला, हा आरोप सर्वस्वीं खोटा म्हणवत नाहीं. वंशाचें वैर विसरणें हा एक गुण आहे. राज्यकर्त्यांच्या अन्यायाकडे काणाडोळा करणें ही निराळी गोष्ट आहे, आणि तिला गुण म्हणतां येत नाहीं. या दोहोंमधील रेषा कादंबरीकार जिन युंगला स्पष्ट दिसे. राजकारणी झा ल्यांगयुंगला ती नेहमींच दिसली असें नाहीं. परंतु अग्रलेख लिहिणाऱ्याच्या या उणिवेमुळें कथाकाराचें कार्य कमी होत नाहीं. ज्याच्या कुलावर एका राजवंशानें आणि पित्यावर एका क्रांतीनें घाला घातला, त्यानें लाखों वाचकांना परक्याचा द्वेष शिकविणें अगदीं सोपें होतें, आणि वीरकथेला तें शोभूनही दिसलें असतें. त्यानें तें केलें नाहीं.

इतिहासाचा नाद त्याला अखेरपर्यंत सुटला नाहीं. ऐंशी उलटल्यावर त्यानें केंब्रिज येथें विद्यार्थी म्हणून नांव घातलें आणि तांग राजवंशांतील वारसाच्या तंट्यांवर प्रबंध लिहून २०१० सालीं डॉक्टरची पदवी मिळविली. ३० ऑक्टोबर २०१८ रोजीं हाँगकाँग येथें त्याचा अंत झाला. हाँगकाँग, तैवान आणि चीन या तिन्ही ठिकाणच्या लोकांचें राजकारणांत आजही पटत नाहीं. पण क्वो जिंग आणि श्याव फेंग हीं नांवें तिन्हीकडे घरचींच मानलीं जातात.