दुसऱ्या पसंतीचा कौल

आघाडी म्हणजे बहुमत नव्हे, हें १९६९ च्या राष्ट्रपति-निवडणुकीनें दाखविलें. झाकीर हुसेन यांच्या निधनानंतर हंगामी राष्ट्रपति झालेले गिरी राजीनामा देऊन निवडणुकीस उभे राहिले. मतदार येथें पसंतीचा क्रम देतो. पहिल्या मोजणींत गिरींस ४,०१,५१५, काँग्रेसचे संजीव रेड्डी यांस ३,१३,५४८ व महाराष्ट्राचे चिंतामणराव देशमुख यांस १,१२,७६९ मतमूल्य मिळालें. विजयास ४,१८,१६९ हवें होतें. मग तळचे उमेदवार, अखेरीस देशमुखही, बाद होऊन त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढची पसंती मोजली गेली. तींत रेड्डींस ९१,८७९ ची भर पडली, गिरींस अवघी १८,५६२ ची. तरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे गिरीच विजयी झाले. पराभूतांच्या मतदारांनींच विजेता ठरविला; लोकशाहींत हरलेलें मतही मुकें नसतें.