कचेरी बसणारीची आणि झाडणारीचीही

गटाला खोली मिळाली की आपण आधी टेबल-खुर्च्या मोजतो. कचेरीच्या मांडणीलाही इतिहास आहे. अमेरिकेत बफेलो शहरात १९०६ साली लार्किन साबण कंपनीची कचेरी उभी राहिली. बाहेर रेल्वेचा धूर, म्हणून वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांनी हवा स्वच्छ करूनच आत घेतली. संडासाची भांडी भिंतीला टांगली, खुर्च्या टेबलांना जोडल्या. खालून झाडू सरळ फिरे. पण खुर्ची हवी तिथे नेता येईना. पुढे १९६८ साली रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी हलवता येणारे आडोसे आणले. कंपन्यांनी जागा वाचवायला त्यांचीच खुराडी केली. म्हणून आम्ही म्हणतो, खोली मांडताना बसणारीला विचारा, झाडणारीलाही विचारा.